वाचकांचे प्रश्न : माळावर खड्डे घेण्याआधी

प्रश्न : आमच्या गायरानात बारा एकर माळ मोकळा आहे. एक कंपनी पाच हजार रोपं, खड्डे आणि तारेचं कुंपण द्यायला तयार आहे. जैवविविधता वाढावी म्हणून कोणती झाडं लावावीत?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. माण, जि. सातारा

झाडांची यादी आम्ही मुद्दाम देत नाही. कमी पावसाच्या पट्ट्यात असा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती गवताचीच जागा असते. माती वीतभर, खाली मुरूम. तिथे दोन फुटांचा खड्डा घेतला की मुरूम वर येतो आणि वरची चांगली माती त्याखाली गाडली जाते. टँकर चालू आहे तोवर रोपं तग धरतात, पाणी बंद झालं की उन्हाळ्यात जळतात. उकरलेल्या जागेत मात्र गाजरगवत आणि घाणेरी घुसते, आणि ती जात नाही.

झाडं जगली तरी नुकसान टळत नाही. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. लांबवरचं दिसणं हेच त्यांचं संरक्षण. वृक्षारोपणात लावतात त्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) रांगा उभ्या राहिल्या की कावळ्यांना टेहळणीला जागा मिळते आणि घरटी लुटली जातात. तारेच्या कुंपणानं चिंकारा आणि खोकडाची वाटही अडते. सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, तरी आज तिथे तो दिसणं दुर्मीळ झालंय. आजूबाजूच्या माळांचे तुकडे पडले, शेती वाढली, वीजतारा आल्या. एकाच वेळी एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला एवढं सोसत नाही.

म्हणून आधी एक वर्ष नोंद करा. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखा. माळाच्या उंचवट्यावर, उतारावर, ओघळीकाठी अशा वीस-पंचवीस ठिकाणी ती मांडा आणि आत काय काय उगवलंय ते लिहा. मेमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा. ऑगस्टची फेरी चुकवू नका. कंदीलपुष्पाच्या जाती, ज्यांना लोक खर्चुडी म्हणतात, त्या फक्त पावसाळ्यात वर येतात. एरवी मातीत नुसता कंद असतो. वृक्षारोपणाचे खड्डे उन्हाळ्यात घेतले जातात, तेव्हा टिकावाखाली काय गेलं हे कुणाला कळतही नाही. गवतांत मारवेल, पवन्या, डोंगरी भरपूर दिसली तर माळ चांगला आहे. नुसती कुसळी असेल तर तो अतिचराईनं थकलाय, एवढाच अर्थ घ्या. तो मेलेला नाही.

थकलेल्या माळाला विश्रांती लागते. बारा एकरांचे चार भाग करा. दर पावसाळ्यात एक भाग जूनपासून बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपर्यंत, चराईला पूर्ण बंद ठेवा. पुढच्या वर्षी दुसरा. हा निर्णय मेंढपाळांना बसवूनच घ्या, कारण ते पाळणार नसतील तर कागदावरच्या रेषेला अर्थ नाही. जिथे जमीन पार उघडी पडलीय तिथे आपल्याच शिवारातलं मारवेल-पवन्याचं बी नोव्हेंबरात झाडून घ्या. ताजं बी लगेच नीट उगवत नाही; कोरड्या पोत्यात जूनपर्यंत ठेवा आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर ओलसर मातीत मिसळून विस्कटा. बी खोल पुरू नका. मारवेलाचे ठोंब लावले तर तो जास्त भरवशाचा.

कंपनीचा पैसा रखवालदाराची मजुरी, बीसंकलन आणि वेडी बाभूळ काढण्याच्या कामाला (खालचं उत्तर पाहा) वळवा. झाडं लावायचीच असतील तर गावठाणात, शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी लावा: हिवर, बाभूळ, बोर, पळस.

प्रश्न : वेडी बाभूळ दरवर्षी तोडतो, दरवर्षी दुप्पट फुटते. औषध मारावं का?
— ता. करमाळा, जि. सोलापूर

वेडी बाभूळ म्हणजे आपली देशी बाभूळ नव्हे, ते परदेशातून आलेलं झाड. तोडल्यामुळेच ती दाट फुटते. फुटव्यांचे डोळे नुसत्या खोडावर नसतात. जमिनीखाली खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथेही, साधारण फूटभर खोलीपर्यंत असतात. कुऱ्हाड जमिनीवर चालवली की ते सगळे जागे होतात. बुंध्याभोवतीची माती काढून मूळ फूटभर खाली तोडा आणि तो गड्डा बाहेर ओढून वाळवा. खालचं सोटमूळ राहिलं तरी चालतं. लहान रोपं पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट उपटा. औषधाचा ओघळ आजूबाजूच्या गवताला आणि पाण्याला लागतो, म्हणून माळावर आमचा त्याला विरोध आहे.

हे काम शेंगा पिकण्याआधी करा. गोड शेंगा जनावरं खातात आणि शेणातून बी जसंच्या तसं पडतं. शेंगांवर चरलेला कळप साफ केलेल्या भागात सोडलात तर वर्षाची मेहनत वाया जाते. मातीतलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं, तेव्हा निदान तीन पावसाळे फेरी मारून नवी रोपं उपटावी लागतील. एका वर्षात जेवढं राखता येईल तेवढंच साफ करा आणि मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसात गवताचं बी टाका. बहुतेक गावांचं काम फसतं ते इथेच: जेसीबी लावून सगळा माळ एकदम साफ होतो आणि राखायला कोणी नसतं.

प्रश्न : माळ पेटवला की गवत चांगलं फुटतं, हे खरं का?
— ता. शिरूर, जि. पुणे

कोवळा फुटवा येतो हे खरं. पण दरवर्षी पेटवलं तर आगीला सोसणारी कुसळी वाढते आणि जनावरांना आवडणारं गवत मागे पडतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या आगीत टिटवी-चंडोलाची घरटीही जातात. त्यापेक्षा कापा. कुसळी फुलोऱ्याआधी कापा, नाहीतर कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. मारवेल, पवन्या बी गळल्यावर, जमिनीपासून चार बोटं सोडून. फेब्रुवारीच्या आधी माळाच्या कडेनं सहा मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, साफ करा; रस्त्याकडची बाजू सर्वांत आधी.

प्रश्न : आमच्याकडे जैवविविधता समिती आहे, पण फक्त कागदावर. तिचा उपयोग काय?
— ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग

2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला ही समिती नेमायला सांगितलंय. तिचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दलची लोकांची माहिती लिहून ठेवणं. ती बाहेरच्या एजन्सीकडून एका आठवड्यात भरून घेतली तर दुसऱ्याच गावाची यादी तुमच्या नावावर चिकटते, म्हणून वैदू, गुराखी, मासे धरणारे यांना बसवून भरा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. उद्या खाण किंवा रस्ता आला तर हरकत घेताना हीच वही हाताशी लागते.

याच कायद्याच्या कलम 37 खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी बोलून जैवविविधतेसाठी महत्त्वाची जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करू शकतं. तुमच्याच जिल्ह्यात आंबोलीच्या हिरण्यकेशीला 2021 मध्ये तो दर्जा मिळाला. तिथल्या देवळाच्या कुंडातला छोटासा मासा 2020 साली विज्ञानाला नवी जात म्हणून नोंदला गेला होता. क्षेत्र जेमतेम 2.11 हेक्टर, तेव्हा जागा लहान आहे म्हणून मागे राहू नका. प्रस्तावासोबत ग्रामसभेचा ठराव, सातबारा, हद्दीचा नकाशा आणि नोंदवहीतली त्या जागेची पानं जोडा.