डॅशबोर्डामागच्या अकरा वायरी

प्रश्न : काका, माझे आजोबा मिरजेत डॉक्टर होते. त्यांची १९५२ सालची मॉरिस मायनर वाड्याच्या पडवीत चोवीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या वर्षी ती मी सांगलीला आणली. पत्र्याचं आणि इंजिनाचं काम झालं. आता डॅशबोर्ड उतरवलाय, तर मागे अकरा वायरी सुट्या लोंबताहेत. तीन लाल, दोन काळ्या, बाकीच्यांचे रंग उडून सगळ्या खाकी झाल्यात. एकेका वायरीला बॅटरी लावून काय पेटतं ते बघायला सुरुवात केली, पण दुसऱ्याच वायरीला मोठी ठिणगी उडाली म्हणून थांबले. एक मिस्त्री म्हणतात, सगळं ओढून काढा, दोन दिवसांत नवीन वायरिंग टाकून देतो. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, थांबलात हे फार चांगलं केलंत. वायरीला बॅटरी लावून बघायची पद्धत मी एकदा केली आहे, आणि ती का करू नये हे मला त्याच दिवशी कळलं. मी एकोणीस वर्षांचा होतो, कोल्हापुरात उद्यमनगरात वस्तादांच्या हाताखाली शिकत होतो. एका वकिलांची जुनी ऑस्टिन आली होती. रंग उडालेली एक वायर मला हॉर्नची वाटली, तिला मी बॅटरी दिली. ती निघाली अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली. बॅटरीचा क्लॅम्प सोडवेपर्यंत त्या वायरीसोबत शेजारच्या सहा-सात वायरींचं रबर वितळून एकजीव झालं होतं. गाडी वकिलांच्या वडिलांची होती. ते काही बोलले नाहीत, नुसते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. ते मला अजून दिसतं.

तुमच्या गाडीत धोका आणखी आहे. या अकरांपैकी एक वायर मागे पेट्रोलच्या टाकीत जाते, पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या गेजच्या फ्लोटसाठी. तिला थेट बॅटरी द्यायची नाही, कधीच नाही.

आता आधी बॅटरी सोडा आणि तिची कुठली बाजू बॉडीला जोडलेली होती ते बघा. मूळच्या मायनरमध्ये प्लस बॉडीला असतो, मायनस वायरिंगला. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या अशाच आहेत. मधे कुणी उलटवलं असेल तर तेही वहीत लिहून ठेवा. मूळचंच असेल, तर ‘लाल म्हणजे प्लस’ हा आजचा हिशेब या गाडीपुरता विसरायचा. साध्या बल्बला उलटसुलट चालतं, पण आजचा रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर तिथे जोडलात तर तो जागेवर जळेल.

मग रंग. लुकास या ब्रिटिश कंपनीची वायरिंग आहे, म्हणजे रंगांना ठरलेले अर्थ आहेत. उडालेला रंग बघायचा असेल तर वायर जिथे जुडग्यात शिरते तिथली टेप चार इंच मागे उलगडा. आत ऊन पोचलेलं नसतं. कापडी वेष्टनाचा खरा रंग तिथे सापडतो. स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने फिरवा, घासू नका, सूत सुटतं.

तपकिरी वायर बॅटरीतून सरळ आलेली, किल्ली काढली तरी जिवंत. पांढरी किल्लीनंतरची, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे जाणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली, म्हणजे वायपर, गेज, ब्रेकलाइट. निळी हेडलाइटची, आणि तिच्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. लाल वायर पार्किंग आणि टेललाइटची. लालवर पांढरी रेघ म्हणजे मीटरमधले छोटे दिवे. हिरवीवर काळी रेघ ती टाकीकडे जाणारी, हिला आधी शोधून टेप लावून बाजूला करा. हिरवीवर लाल डाव्या हाताची, हिरवीवर पांढरी उजव्या हाताची. हात म्हणजे वळताना दाराच्या मागच्या खांबातून बाहेर येऊन दिशा दाखवणारे ते पिवळे बाण. ते अजून गाडीत असतील तर कृपा करून काढू नका. पिवळी डायनॅमोची, तीच किल्लीजवळच्या लाल दिव्याला येते. काळी अर्थ. सेल्फची वायर शोधत बसू नका, तुमच्या गाडीत सेल्फ दोरी ओढून लागतो, त्याची जाड केबल डॅशबोर्डात येतच नाही.

पण रंगावर निम्माच विश्वास ठेवा. बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांत या गाडीला किती मिस्त्र्यांचे हात लागले असतील! दुकानात त्या दिवशी ज्या रंगाचं बंडल होतं तेच गाडीत गेलं. तुमच्या तीन लाल वायरींपैकी दोन अशाच असणार, असा माझा अंदाज आहे. बोटांनी चाचपून बघा. रबरावर कापड असलेली मूळची, गुळगुळीत प्लास्टिकची नंतरची. नंतरच्या वायरीचा रंग काहीच सांगत नाही.

म्हणून वायर डॅशबोर्डाकडून शोधू नका, दुसऱ्या टोकाकडून या. टेललाइट कुठे आहे हे आपल्याला दिसतं, वायपरची मोटर दिसते, हॉर्न दिसतो. तिथून निघालेली वायर डॅशबोर्डात कुठे उगवते एवढंच शोधायचं आहे. साधा मल्टीमीटर घ्या, बीप वाजणारा. पाच मीटर नरम वायर घेऊन दोन्ही टोकांना चिमटे लावा. एक टोक टेललाइटच्या होल्डरमधल्या वायरीला, दुसरं मीटरच्या एका काडीला. दुसरी काडी घेऊन अकराही वायरींवरून फिरा. बीप वाजली की ती वायर सापडली.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. बल्ब काढत नाहीत. बल्बची तार म्हणजे जवळजवळ सरळ वायरच, त्यामुळे टेललाइटची वायर मीटरला अर्थ वाटते आणि माणूस ती अर्थला जोडून मोकळा होतो. सगळे बल्ब काढा, अगदी डॅशबोर्डाच्या मीटरमधले बारीकसुद्धा. दोन्ही फ्यूज काढा, स्विच सगळे बंद करा. मग जी वायर बॉडीला बीप देईल ती बहुधा अर्थ असेल, नाहीतर कुठेतरी सोलून पत्र्याला लागलेली असेल; डायनॅमोची आणि टाकीची वायर मात्र चांगली असूनही बीप देऊ शकते. तुमच्या ठिणगीची वायर यातलीच एक असणार, तिच्यावर आत्ताच खूण करून ठेवा.

सापडलेल्या प्रत्येक वायरीला पांढऱ्या चिकटपट्टीचं निशाण लावा, त्यावर नंबर घाला. वहीत नंबर, दिसणारा रंग, टेपखालचा रंग, कापडी की प्लास्टिक, आणि दुसरं टोक कुठे जातं ते लिहा. मोबाइलवर फोटो काढालच, पण फोटोत वायर कुठून कुठे गेली ते कळत नाही. वही हवीच. पेनाने नको, पेन्सिलीने लिहा. दोन-तीनदा खोडावं लागतं.

टाकीची वायर पक्की करायची असेल तर, पुढे सांगतो ती बल्बची तपासणी झाल्यावर, ती टाकीकडच्या टोकाला सोडा. किल्ली चालू केल्यावर तुमच्या गेजचा काटा पूर्ण भरल्याच्या खुणेकडे गेला पाहिजे. मग तीच वायर डॅशबोर्डाकडच्या टोकाला बॉडीला टेकवली की काटा रिकाम्यावर येईल. नंतरच्या गाड्यांत हे बरोबर उलटं असतं, म्हणून नव्या गाड्यांवर काम केलेले मिस्त्री तुमचा चांगला गेज खराब ठरवून फेकून देतील. त्यांना देऊ नका.

सगळं जोडून झाल्यावर पहिल्यांदा करंट द्यायचा तो असा. ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या. बॅटरीच्या ज्या टर्मिनलवरून वायरिंगला केबल जाते ते टर्मिनल आणि ती केबल यांच्या मधे तो बल्ब लावा. आता गाडीत कुठेही शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही. सगळं बंद असताना बल्ब लखलखीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, एकेक जोड सोडत जा, बल्ब विझेल तिथे तो आहे. बल्ब विझलेलाच राहिला तर एकेक स्विच लावा. पार्किंग लाइटला तो मिणमिणेल, ते बरोबर आहे. माझ्या दुकानात असे तीन बल्ब खिळ्याला टांगलेले आहेत. हा उपाय वस्तादांनी त्या ऑस्टिननंतर शिकवला.

एवढी काळजी कशासाठी, तर या गाडीत फ्यूज दोनच आहेत. तपकिरी, पांढरी आणि निळी, म्हणजे सगळ्यात जास्त करंट वाहणाऱ्या वायरी, यांच्यावर फ्यूजच नाही. त्या शॉर्ट झाल्या तर जळूनच थांबतात. मी तपकिरी वायरीच्या सुरुवातीला एक वेगळा फ्यूज लपवून बसवतो. मूळ नमुन्याला धरून नाही असं काही शौकीन म्हणतात, म्हणोत. हॅलोजनचा मोहही टाळा. मूळ बल्ब ४२ वॅटचे, दोन मिळून सात अँपिअर. ६० वॅटचे दोन लावले की दहा, आणि तेही सत्तर वर्षांच्या निळ्या वायरीतून आणि डॅशबोर्डातल्या त्याच जुन्या स्विचमधून. लावायचेच असतील तर रिले घाला, म्हणजे मोठा करंट जुन्या स्विचमधून जाणार नाही.

आता मिस्त्रींचा सल्ला. वायर बोटाभोवती हळू वाकवून बघा. रबर बिस्किटासारखं तुटलं तर ती वायरिंग वाचवण्यात अर्थ नाही, नवीनच घाला, मी स्वतः हेच करीन. ब्रिटनमध्ये जुन्या नमुन्याची, कापडी वेष्टनाची वायरिंग आजही बनवून मिळते. पण ओळख पटवायचं काम तेव्हाही आधीच करायचं. जुनं जुडगं कापायचं नाही, जोड सोडवून अखंड बाहेर काढायचं आणि जमिनीवर पसरून त्याच्या मापाने नवीन बांधायचं. ओरबाडून काढलेल्या वायरिंगवरून कुणालाच काही कळत नाही. दोन दिवसांत वायरिंग टाकून देतो म्हणणारा माणूस ते एका रंगाच्या बंडलातून टाकेल आणि पुढे तुमच्या मुलांना असंच पत्र लिहावं लागेल.

अकरांपैकी नऊ तुमच्या तुम्हालाच सापडतील. उरलेल्या दोन कुठेच जात नसतील, तर त्या बहुधा कुणीतरी बसवलेल्या पंख्याच्या किंवा रेडिओच्या. त्यांची टोकं टेपने झाका आणि आजोबांच्या वेळचं कुणी माणूस असेल तर विचारा, डॉक्टरांच्या गाडीत आणखी काय होतं.

प्रश्न : माझी १९६९ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. पेट्रोलच्या गेजला जाणाऱ्या फिकट हिरव्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला तर तो लागतो-विझतो, लागतो-विझतो. वायर आतून तुटली आहे का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : नाही, ती वायर चांगली आहे. तिच्या मागे व्होल्टेज स्टॅबिलायझरची छोटी डबी आहे. आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि संपर्क तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. अशा तोडजोडीतून गेजला सरासरी १० व्होल्ट मिळतात. गेजचा काटाही तापूनच हलतो, त्यामुळे त्याला ही उघडझाप जाणवत नाही. दिवा न विझता एकसारखा पेटत राहिला असता तर काळजी होती, मग गेज टाकीत आहे त्याहून जास्त पेट्रोल दाखवतो. तसं झालं तर आधी डबीचा पत्र्याशी असलेला अर्थ सँडपेपरने घासून घ्या. नवीन डबी घ्याच लागली तर जुनी ज्या दिशेने बसवली होती त्याच दिशेने बसवा. आडवी-उलटी बसवली की आतली पट्टी वेगळ्या तऱ्हेने तापते.