'स्नायू' म्हणावे की 'मांसपेशी'?

एका वाचकाने विचारले आहे : "व्यायामाने मांसपेशी वाढतात, असे अनेक लेखांत वाचतो. शाळेत तर पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान घटक असे शिकलो. मग मांसपेशी म्हणजे स्नायू, की स्नायूतली एखादी पेशी?"

त्या वाक्यात स्नायूच अभिप्रेत आहे. शब्द अशुद्ध नाही, उलट या अर्थाने तो 'स्नायू'पेक्षा जुना आहे. तरीही आजच्या मराठी लेखनात तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, शरीररचना सांगणाऱ्या 'शारीरस्थान' या भागात, माणसाच्या शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा एकेक स्वतंत्र भाग आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध. फळ्या पुष्कळ बंधांनी घट्ट बांधल्या की नाव जशी पाण्यावर भार पेलते, तसा स्नायूंनी बांधलेल्या सांध्यांमुळे माणूस भार सहन करतो, असा सुंदर दृष्टान्त सुश्रुताने दिला आहे. या स्नायूंपैकी जे गोल, त्यांना तो कंडरा म्हणतो.

हा भेद हाताला जाणवतो. जड टेबलाखाली तळहात वर करून धरावा आणि टेबल उचलण्याचा प्रयत्न करावा; दंड फुगून टणक होतो आणि दुसऱ्या हाताने चाचपले, तर कोपराच्या खळीत एक ताठ दोरी लागते. फुगलेला भाग ही सुश्रुताची पेशी आणि ती दोरी हा त्याचा स्नायू. आपल्या मराठीत मात्र फुगलेला भाग स्नायू झाला आहे आणि दोरीसाठी 'कंडरा' उरला आहे. (बोलताना आपण त्या दोरीला सरळ 'शीर' म्हणतो, आणि फुगवट्याला 'बेडकुळी'. इंग्रजीतला 'मसल' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'छोटा उंदीर' असा आहे. कातडीखाली हलणारा गोळा पाहून दोन दूरच्या भाषांना लहान प्राणीच आठवावा, याचे मला फार अप्रूप वाटते.)

हिंदीत इंग्रजी 'सेल'साठी, म्हणजे सजीवाच्या त्या सर्वांत लहान घटकासाठी, 'कोशिका' हा शब्द आहे, त्यामुळे तिथे 'मांसपेशी'ने काही घोटाळा होत नाही. मराठीने 'पेशी' हा शब्द सेलसाठी घेतला आणि तो पक्का रुजला. बंगालीत तर 'स्नायू' म्हणजे मज्जातंतू, आणि हिंदीतही 'स्नायुतंत्र' हा शब्द मज्जासंस्थेसाठी वापरलेला आढळतो. म्हणून या भाषांतून मराठीत अनुवाद करताना हे शब्द जसेच्या तसे उचलू नयेत.

इथे प्रश्न केवळ शैलीचा नाही. 'मांसपेशी वाढतात' असे वाचणाऱ्या मराठी माणसाला पेशींची संख्या वाढते असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते चूक आहे. हाडांना जोडलेल्या स्नायूची पेशी म्हणजे एक लांबट तंतू असतो. त्यात अनेक केंद्रके असतात आणि तो काही सेंटिमीटर लांबही असू शकतो. व्यायामाने मुख्यतः हे तंतू जाड होतात, त्यांची संख्या फारशी बदलत नाही. प्रत्येक तंतूत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे सूक्ष्म धागे समांतर रचलेले असतात. मज्जातंतूकडून संदेश आला की तंतूत कॅल्शियम सुटते, मायोसिन अ‍ॅक्टिनला पकडून ओढते आणि धागे एकमेकांवरून सरकतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, त्यांची एकमेकांवरची व्याप्ती वाढते आणि म्हणून तंतू आखडतो. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळेच दंडाच्या पुढच्या स्नायूने वाकवलेला हात सरळ करायला मागचा स्नायू लागतो.

आतड्यांच्या भिंतीतले अनैच्छिक स्नायू आणि हृदयाचे स्नायू यांची रचना वेगळी असली, तरी शब्दयोजना तीच ठेवावी : पूर्ण अवयव तो 'स्नायू', त्याची घटक पेशी ती 'स्नायुपेशी' किंवा 'स्नायुतंतू', आणि अशा पेशींचा समूह ती 'स्नायू ऊती'. 'स्नायू' एकटा आला की दीर्घ आणि समासात पहिला आला की 'स्नायुपेशी'प्रमाणे ऱ्हस्व लिहावा. 'स्नायू ऊती' हे दोन शब्द सुटे लिहिल्यामुळे तिथे तो दीर्घच राहतो.