ॲडिनॉइड्स काढले की कानातलं पाणी आपोआप जातं का?

मुलगा साडेचार वर्षांचा, तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, टीव्हीचा आवाज वाढवत राहतो. एक्स-रेत ॲडिनॉइड्स (नाकाच्या मागची मऊ गादी) मोठे दिसतात, कानाच्या दोन्ही पडद्यांमागे पाणी आहे. डॉक्टर ॲडिनॉइड्स काढून ग्रोमेट (पडद्यात बसवायची हवेची बारीक नळी) घालू म्हणतात. नुसते ॲडिनॉइड्स काढून भागणार नाही का, आणि थोडं थांबलं तर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

आधी तो एक्स-रे बाजूला ठेवा. घोरणं आणि बंद नाक यांच्यासाठी ॲडिनॉइड्सचा आकार महत्त्वाचा आहे. कानाचा निर्णय मात्र आकारावरून होत नाही. ॲडिनॉइड्स छोटे असलेल्या मुलांनाही ते काढल्यावर कानाचा फायदा होतो, आणि भलेमोठे ॲडिनॉइड्स असूनही कित्येक मुलांचे कान ठणठणीत असतात.

याचं कारण जागेत आहे. नाकाच्या पार मागे, पडजिभेच्या वर ॲडिनॉइड्सची गादी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना युस्टेशियन नळ्यांची (मधला कान आणि नाकाची मागची बाजू जोडणाऱ्या नळ्यांची) तोंडं उघडतात. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि मधल्या कानात हवा जाते. मोठ्यांमध्ये ती सुमारे ४५ अंशांत तिरकी असते, लहान मुलांत आखूड आणि जवळपास आडवी. हवा पोचली नाही की आत असलेली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, अस्तरातून द्रव पाझरतो आणि हळूहळू डिंकासारखा घट्ट होतो. गादी फुगून नळीचं तोंड दाबते, हे खरंच. पण जास्त त्रास होतो तो गादीच्या घड्यांमध्ये जंतूंचा चिकट थर मुक्काम ठोकून बसतो म्हणून. अँटिबायोटिक त्या थरात नीट शिरत नाही. प्रत्येक सर्दीत तिथूनच जंतू नळीत जातात आणि नळीचं अस्तर सुजतं.

म्हणून कागद बघायचा तो टिंपॅनोग्रामचा, म्हणजे हवेच्या दाबाने पडदा किती हलतो ते दाखवणाऱ्या चाचणीचा. डोंगरासारखी रेघ मध्यावर म्हणजे ए, डोंगर ऋण दाबाकडे सरकलेला म्हणजे सी, सपाट रेघ म्हणजे बी. सपाट रेघ दिसली म्हणजे पाणीच, असं मात्र धरू नका. शेजारी कानाच्या बाहेरच्या नळीचं (भोकापासून पडद्यापर्यंतच्या) आकारमान छापलेलं असतं. या वयात ते साधारण ०.३ ते ०.९ मिली असेल तर पडद्यामागे पाणी असण्याची शक्यता मोठी. बरंच जास्त असेल तर पडद्याला छिद्र असू शकतं. फारच कमी असेल तर आत मळ असेल किंवा प्रोब (कानात घालायचं चाचणीचं टोक) भिंतीला टेकला असेल, तेव्हा चाचणी पुन्हा करून घ्या. सोबत ऐकण्याची चाचणी हवीच. अशा पाण्याने साधारण २५-३० डेसिबल ऐकू कमी येतं. हाक ऐकू येते, कुजबुज येत नाही, आणि 'साप' की 'ताप' हे वर्गातल्या गोंगाटात कळत नाही. मूल 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातं, ते कृपा करून होऊ देऊ नका.

थांबायचं का? पाणी कळल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबणं बहुतेक मुलांत योग्यच असतं, कारण पुष्कळांचं पाणी आपोआप ओसरतं. बोलायला उशीर, फाटलेला टाळू, डाउन सिंड्रोम, आधीपासून कमी ऐकू येणं किंवा पडद्यात खोल खळगा पडलेला असेल तर इतकं थांबायचं नाही. झोपेत श्वास अडकत असेल तर नाकासाठीचा निर्णय कानासाठी अडवून ठेवू नका. या काळात अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या, पोटातून स्टिरॉइड यांनी पाणी टिकाऊपणे जात नाही. नाकाने फुगवायचा खास फुगा मुलाला जमत असेल तर दिवसातून तीनदा वापरून बघण्यासारखा आहे, मात्र सर्दी जोरात असताना नको. बोलताना जवळ जा, समोरून बोला.

३ महिन्यांनीही दोन्ही कानांत पाणी आणि ऐकू कमी असेल तर वय बघतात. ४ वर्षांखाली कानासाठी आधी नुसतं ग्रोमेट. ॲडिनॉइड्स तेव्हा काढतात जेव्हा नाकाचा स्वतंत्र त्रास असतो. ४ च्या पुढे ॲडिनॉइड्स काढल्याने पुन्हा ग्रोमेट घालण्याची वेळ कमी येते. तुमच्या मुलाला वयही आहे आणि नाकाचा त्रासही, म्हणून पाणी टिकलं तर दोन्ही एकत्र करणं मला पटतं. नुसते ॲडिनॉइड्स काढले तर कान सुधारतो, पण सावकाश. पडद्याला नुसता छेद दिला तर तो काही दिवसांतच भरून येतो. ग्रोमेटने मात्र हवा लगेच जाते, आणि ते साधारण ६ ते १८ महिन्यांत आपोआप बाहेर पडतं.

भूल देण्याआधी एक गोष्ट आवर्जून विचारा: टाळू बोटाने चाचपून बघितला का, पडजीभ दुभंगलेली आहे का? कातडीखाली लपलेली टाळूची फट असेल तर सगळे ॲडिनॉइड्स काढल्यावर बोलणं नाकातून येतं आणि दूध नाकातून उलटतं. अशा मुलात ते काढत नाहीत किंवा फक्त वरचा भाग काढतात.

नंतर आठवडाभर शाळा नको. तोंडाला १-२ आठवडे वास येतो, आवाज थोडा गेंगाणा होतो, कान दुखतो. हे बहुधा घशातून आलेलं दुखणं असतं. पॅरासिटामॉल वजनावर, १५ मिलिग्रॅम प्रति किलो, ६ तासांच्या अंतराने, दिवसात ४ पेक्षा जास्त वेळा नाही. ॲस्पिरिन आणि कोडीन अजिबात नको. ताजं लाल रक्त, सारखं सारखं गिळत राहणं किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट रुग्णालय गाठा. मान एका बाजूला वाकडी होऊन अडकली तर त्याच दिवशी दाखवा. ग्रोमेटमधून कान वाहिला तर आधी कानाचे थेंब लागतात, पोटातलं औषध नाही. थेंब डॉक्टरांनी दिलेलेच घाला, कारण काही थेंब उघड्या पडद्यातून आतल्या कानाला इजा करतात.

६ ते ८ आठवड्यांनी ऐकण्याची चाचणी पुन्हा करा. ग्रोमेट घालूनही ऐकू कमीच येत असेल तर कारण नुसतं पाणी नसेल, दुसरं शोधावं लागेल.