वाल्मीच्या टेकडीवर राजाच्याच तोफा

प्रश्न : माझ्या मुलाच्या पुस्तकात आहे की वाल्मीला फ्रान्सच्या सामान्य नागरिकांच्या फौजेने प्रशियाचं कसलेलं सैन्य परतवलं आणि इतिहास बदलला. धड कवायतही न झालेल्यांना हे जमलं कसं?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : पुस्तक खोटं नाही, घाईत आहे. मी तोफखान्यातला निवृत्त सुभेदार, त्यामुळे आधी तोफा बघतो. २० सप्टेंबर १७९२ रोजी फ्रेंच सेनापती केलरमनकडे होत्या त्या राजाच्याच तोफा, तोफखान्यातला अधिकारी ग्रिबोव्हाल याने सुधारून हलक्या केलेल्या. गोलंदाजही बरेचसे जुनेच. क्रांतीनंतर सरदारपुत्र अधिकारी देश सोडून पळाले, पण तोफखान्यात बडी घराणी कमी. तिथले पुष्कळ टिकले. पायदळातही नव्या स्वयंसेवकांच्या जोडीला मुरलेले शिपाई होते.

मग नागरिकांनी काय केलं? उभे राहिले. हसू नका. देवळालीला फायरिंग रेंजवर डोक्यावरून पहिला गोळा गेला तेव्हा मी जमिनीला चिकटलो होतो, आणि तो आमचाच गोळा होता! वाल्मीला दारूगोळ्याच्या गाड्या उडाल्या, रांगा डळमळल्या. केलरमनने तलवारीच्या टोकावर टोपी उंचावून ‘राष्ट्र चिरायू होवो’ असा पुकारा केला आणि माणसं सावरली.

पावसानेही हात दिला. तेव्हाचा भरीव गोळा कडक जमिनीवर टप्पे घेत जायचा, आपण तळ्यात चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढतो तसा, आणि वाटेतल्यांचे पाय तोडायचा. चिखलात तो जागच्या जागी रुतला. दिवसभर भडिमार होऊन फ्रेंचांचे मेलेले-जखमी सुमारे ३००, प्रशियनांचे २००च्या आत. प्रशियनांचा सेनापती, ब्रन्सविकचा ड्यूक, याने हल्ला मध्येच थांबवला. त्याच्या छावणीत हगवण पसरली होती. दहा दिवसांनी त्याने माघार धरली.

एवढ्याने इतिहास बदलला? पॅरिसच्या वाटेवरचा व्हर्दंचा किल्ला २ सप्टेंबरलाच प्रशियनांच्या हाती पडला होता. राजाला धक्का लागला तर पॅरिस बेचिराख करू, अशी धमकी जुलैतच ब्रन्सविकच्या नावाने निघाली होती. तो थांबला नसता तर २१ तारखेला राजेशाही रद्द करणारी सभा किती दिवस टिकली असती, सांगा! पुढे २१ जानेवारी १७९३ला सोळावा लुई गिलोटिनवर गेला.

‘इथून, आजपासून जगाच्या इतिहासाचं नवं पर्व सुरू होतंय’ अशा अर्थाचं जे वाक्य सगळीकडे येतं, ते प्रशियन छावणीत असलेल्या जर्मन कवी गटेचं. शाकुंतलाचे गोडवे गाणारा तोच. फक्त ते त्याने छापलं १८२२ साली. त्या संध्याकाळी तो नेमकं काय बोलला, ते भोवती बसलेल्या भिजलेल्या अधिकाऱ्यांनाच ठाऊक.