बायबलमधला असा कोणता उतारा आहे जो तुम्हाला रोजच्या जगण्यात टोचतोही आणि धीरही देतो?

माझ्यासाठी तरी एकच, मत्तयच्या शुभवर्तमानातला २० वा अध्याय, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मळ्याचा मालक पहाटे जाऊन दिवसाला एक दीनार ठरवून मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला परत जातो, आणि संध्याकाळी पाचला जातो तर तेव्हाही चौकात काही माणसं उभीच. दिवस मावळल्यावर पगार वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात, आणि तासभर काम केलेल्याला पण पूर्ण दीनार. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना वाटतं आपल्याला जास्त मिळेल, तर त्यांनाही तेवढाच, मग कुरकुर सुरू.

नान्नजकडं द्राक्षं तोडणीला आली की काय धावपळ असते ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, त्यामुळं मालक परत परत माणसं का शोधतोय हे मला लहानपणी चर्चच्या संडे स्कूलमध्येच कळलं होतं. पाचला आलेल्याला पूर्ण रोज कशाला, ते मात्र कळत नव्हतं.

माझे पप्पा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत. मग ते रोज सकाळी सातला डबा घेऊन नाक्यावर जाऊन उभे राहायचे, ठेकेदार यायचे, तरण्या पोरांना टेम्पोत बसवून न्यायचे, पन्नाशीच्या माणसाला कोण घेतंय. दुपारी दीडला पप्पा घरी, डबा तसाच. मम्मी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळता वळताच विचारायची जेवलात का, ते काही न बोलता डबा ओट्यावर ठेवायचे. भाकरी कडक झालेली, शेंगाचटणीचं तेल फडक्याला उतरलेलं. ते फडकं मला अजून दिसतं.

बऱ्याच वर्षांनी एका रविवारी उपासनेत हा उतारा वाचला गेला. मालक विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. पप्पा आळशी नव्हते हो, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. दीनार म्हणजे त्या काळी मजुराचा एका दिवसाचा रोज, त्यात घर एक दिवस चालायचं. जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रात पण आहे (अनुवाद २४:१५) की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांवर लागलेला असतो. मालकानं तास धरून पैसे कापले असते तर त्या रात्री कुणाची तरी पोरं अर्धपोटी झोपली असती.

आता टोचणारं. मी १४ वर्षं एका टॉवेलच्या कारखान्यात आहे. गेल्या वर्षी एक नवीन माणूस लागला, पहिल्याच महिन्यात त्याला माझ्याइतका पगार. मला झोप लागेना, बायकोला रोज तेच तेच ऐकवायचो. नंतर कळलं की तो आठ महिने घरी बसून होता, पोरीची फी थकलेली, तरी खरं सांगतो राग गेला नाही. त्या कुरकुर करणाऱ्यांचं वाक्य नीट बघा, तुम्ही त्यांना आमच्या बरोबरीचं केलंत, असं म्हणतात ते. पैसे तर ठरल्याप्रमाणं हातात पडलेत, दुखतंय ते बरोबरीचं. माझंही तेच होतं. पप्पांसाठी मला असा मालक हवा होता आणि दुसऱ्या कुणाच्या पप्पांसाठी नको होता.

हा दाखला सांगून कामगाराला आहे त्यात समाधान माना म्हणणारे पण भेटतात, ते मला अजिबात पटत नाही. मालकानं कुणाचा ठरलेला दीनार कापलेला नाही. मी पगारवाढीचा अर्ज दिलाय, फक्त त्यात त्या माणसाचं नाव लिहिलं होतं ते खोडून अर्ज परत लिहिला.

आणि कुरकुर करणाऱ्याला मालक हाकलत नाही, मित्रा म्हणून हाक मारतो. पुढं २६ व्या अध्यायात येशू स्वतःला पकडून द्यायला आलेल्या यहूदा या आपल्याच शिष्याला पण अशीच हाक मारतो. जळफळून रात्र काढलेल्या माझ्यासारख्याला हा केवढा आधार आहे.

वाचणार असाल तर २० पासून नको, १९ च्या २७ व्या वचनापासून सुरू करा, तिथं पेत्र हा शिष्य येशूला विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्या मागं आलो, तर आम्हाला काय मिळणार.