आधी मैदान वाचा, मग नावं: गोल्फच्या मेजर स्पर्धांबद्दल वाचकांचे प्रश्न

एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत गोल्फच्या चार मेजर स्पर्धा होतात: मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि द ओपन. खानदेशातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे, की कोण पुढे राहील याचा अंदाज बांधायचा कसा. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आम्ही रेल्वेतले दहा-बारा सहकारी प्रत्येक मेजरआधी सहा-सहा खेळाडू निवडतो. पैसे नसतात, फक्त गुणांचा तक्ता. मी जागतिक क्रमवारीतले पहिले सहा घेतो आणि दर वेळी मागे पडतो. काय चुकतं? (एक वाचक, भुसावळ)

यादी वाईट नाही, पण ती मैदान न बघता केलेली आहे. क्रमवारी गेल्या दोन वर्षांचा हिशेब सांगते. या आठवड्याचं मैदान खेळाडूकडून काय मागणार आहे, ते तिच्यात कुठेच नसतं. म्हणून वहीचं पान उघडलं की आधी तीन गोष्टी लिहा. टीवरचा, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिथला, पहिला फटका चुकला तर शिक्षा किती? ग्रीनकडचा, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडचा, फटका साधारण किती अंतरावरून येणार? आणि ग्रीन हुकलं तर चेंडू कशात पडणार: लांब गवतात, वाळूत, की गुळगुळीत उतारावर? नावं त्यानंतर.

सुरुवात मास्टर्सपासून करा, कारण 1934 पासून ही स्पर्धा जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल या एकाच मैदानावर होते. एकदा मेहनत घेतलीत की ती दर वर्षी कामाला येते. 2025 मध्ये मैदानाची लांबी 7,555 यार्ड होती आणि पार, म्हणजे एका फेरीत अपेक्षित फटके, 72. फेअरवेच्या, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, कडेचं गवत तिथे आखूड ठेवतात, जेमतेम दीड इंचाच्या आत. त्यामुळे पहिला फटका थोडा वाकडा गेला तरी फार बिघडत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या फटक्याची असते. ग्रीन इतकी उताराची आणि वेगवान आहेत की चेंडू चुकीच्या बाजूला दहा फुटांवर टेकला, तर तिथून घरंगळत खाली जातो आणि पुढचा फटका ग्रीनच्या बाहेरून मारावा लागतो. तेव्हा ऑगस्टासाठी दोन गुण बघा: लांब आयर्नने (दूरच्या फटक्यासाठीच्या लोखंडी काठीने) उंच फटका मारून चेंडू नेमक्या जागी थांबवणं, आणि आखूड गवतावरून हलक्या हाताने चिप करणं, म्हणजे चेंडू थोडासा उचलून ग्रीनवर टाकणं.

तेरावा होल नीट बघा, त्यात ऑगस्टा पूर्ण कळतं. पार 5, आणि 2023 पासून 545 यार्ड. त्याआधी 510 होतं. होल डावीकडे वळतो आणि फेअरवेचा उतार उजवीकडून डावीकडे आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू त्यामुळे पायांपेक्षा उंचावर येतो, आणि अशा जागेवरून मारलेला फटका आपसूक डावीकडे ओढला जातो. समोर ग्रीनला लागून ओढा. दोन फटक्यांत ग्रीन गाठायचं की अलीकडे थांबायचं, हा निर्णय प्रत्येकाला चारही दिवस घ्यावा लागतो. थांबलं की जीव वाचला असंही नाही. 2025 च्या शेवटच्या दिवशी रॉरी मॅकिलरॉय इथे अलीकडेच थांबला, आणि तिथून वेजने (जवळच्या उंच फटक्याच्या काठीने) मारलेला सोपा फटका ओढ्यात गेला. त्या होलवर त्याने सात मोजले. स्पर्धा मात्र त्यानेच जिंकली, जस्टिन रोजला बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरवून.

मैदानावर पार 5 चे चार होल आहेत: 2, 8, 13 आणि 15. चार दिवसांत सोळा संधी. म्हणून लांब मारणाराच इथे चालतो, असा समज पसरला. 2007 मध्ये झॅक जॉन्सनने एकाही पार 5 वर दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. तो दर वेळी अलीकडे थांबला, वेजने चेंडू जवळ टाकत राहिला, त्या सोळा होलांवर पारपेक्षा 11 कमी खेळला आणि जिंकला. तेव्हा ड्राइव्हची (टीवरच्या लांब फटक्याची) लांबी बघताना शंभर यार्डांच्या आतला वेजही बघा.

हीच यादी यूएस ओपनला नेली की फसगत होते. 2025 मध्ये ती स्पर्धा ओकमाँटला होती. रफ, म्हणजे फेअरवेबाहेरचं गवत, पाच इंचांचं; चेंडू आत गेला की दिसेनासा व्हायचा. तिथे फेअरवे सापडणं हीच पहिली अट होती. चार दिवसांनंतर एकटा जे. जे. स्पॉन पारच्या खाली राहिला, तोही फक्त एका फटक्याने. क्रमवारीतले पहिले सहा दोन्ही ठिकाणी तेच, पण मागणी दोन टोकांची.

प्रश्न: केळीच्या बागेत वाऱ्याने काय होतं ते आम्ही जाणतो. गोल्फमध्ये वारा आणि पाऊस यांचा हिशेब कसा धरायचा? (एक वाचक, रावेर)

हिशेब वेळेचा आहे, आणि तो सगळ्यात जास्त ब्रिटनमधल्या द ओपनला लागतो. तिथे 156 खेळाडू असतात आणि सगळे पहिल्याच टीवरून सुटतात. पहिली तुकडी सकाळी 6.35 ला, म्हणजे आपल्या 11.05 ला निघते. शेवटची तिथल्या दुपारी चारच्या सुमारास. समुद्रकाठच्या त्या मैदानांवर एवढ्या वेळात वारा कुठल्या कुठे जातो. गुरुवारी सकाळी खेळलेले शुक्रवारी दुपारी खेळतात, आणि गुरुवारी दुपारचे शुक्रवारी सकाळी. म्हणजे स्पर्धेचे दोन अर्धे पडतात, आणि एका अर्ध्याच्या वाट्याला दोन्ही दिवस वाईट वारा येऊ शकतो.

खेळाडूंच्या वेळा स्पर्धेच्या एक-दोन दिवस आधी जाहीर होतात. बुधवारी रात्री त्या गावाचा तासागणिक वाऱ्याचा अंदाज उघडा आणि चार रकाने आखा: गुरुवार सकाळ, गुरुवार दुपार, शुक्रवार सकाळ, शुक्रवार दुपार. प्रत्येकात सरासरी वेग आणि झोतांचा वेग लिहा. दोन अर्ध्यांतला फरक ताशी आठ किलोमीटरच्या आत असेल तर सोडून द्या. पंधरा-सोळाच्या पुढे गेला तर बरोबरीच्या दोन खेळाडूंपैकी चांगल्या अर्ध्यातला घ्या. मात्र सहाच्या सहा एकाच अर्ध्यातले घेऊ नका. अंदाज वाऱ्याच्या वेगात कमी आणि वेळेत जास्त चुकतो. अकराला येणारा वारा दोनला आला की सगळा तक्ता उलटतो. चार-दोन अशी वाटणी बरी.

अमेरिकेत पीजीए आणि यूएस ओपनला पहिल्या दोन दिवशी दोन टीवरून एकाच वेळी सुरुवात होते, त्यामुळे ही दरी कमी असते. तरी नसते असं नाही. 2018 ला शिनेकॉक हिल्सवर शनिवारी सकाळी टोनी फिनाऊ आणि डॅनियल बर्गर यांनी 66 मोजले. दुपारपर्यंत वाऱ्याने आणि उन्हाने ग्रीन वाळून कडक झाली. आघाडीवरच्या डस्टिन जॉन्सनला 77 लागले. सकाळी पंचेचाळिसाव्या स्थानावरून निघालेले ते दोघं रविवारी शेवटच्या जोडीत खेळले.

पावसाचं गणित शेतकऱ्याला सांगायला नको. ग्रीनलाही वाफसा असतो म्हणा ना. ओल असेल तर चेंडू टेकला तिथेच बसतो. मग उतार, कडा, सगळ्या युक्त्या बोथट होतात आणि फटक्यांची संख्या कमी होते. फेअरवेवरही चेंडू घरंगळत नाही, म्हणून हवेतून लांब मारणाऱ्याचा फायदा वाढतो. 2011 चं यूएस ओपन काँग्रेशनलला अशाच भिजलेल्या मैदानावर झालं आणि मॅकिलरॉयने पारपेक्षा 16 कमी खेळून ते जिंकलं. यूएस ओपन म्हणजे अवघडच, हे धरून बसलेल्यांचा अंदाज तिथे चुकला. सोमवार ते बुधवार किती पाऊस पडला, याची नोंद म्हणून ठेवाच.

प्रश्न: ‘स्ट्रोक्स गेन्ड’ म्हणजे नेमकं काय? त्यातला कुठला आकडा बघावा? (एक विद्यार्थी, धुळे)

ही पद्धत कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी मांडली आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेने 2011 पासून पटिंगसाठी, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलात ढकलण्याच्या फटक्यांसाठी, वापरायला घेतली. कल्पना सोपी आहे. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूचा पट साधारण निम्म्या वेळा जातो. म्हणजे तिथून होल संपवायला सरासरी दीड फटका. एका फटक्यात संपवलं तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. असाच हिशेब टीवरचा फटका, ग्रीनकडचा फटका, ग्रीनच्या आसपासचं काम आणि पटिंग यांचा वेगवेगळा मांडतात.

पहिलं वजन ग्रीनकडच्या फटक्याच्या आकड्याला द्या. तो टिकाऊ असतो. पटिंग एका आठवड्यात चढतं आणि पुढच्यात उतरतं. गेल्या आठवड्यात पटिंगच्या जोरावर जिंकलेल्यावर सगळे तुटून पडतात, आणि तिथेच फसतात. उलट उदाहरण स्कॉटी शेफलरचं. 2023 च्या हंगामात पटिंगमध्ये तो दीडशेच्याही मागे होता, तरी ग्रीनपर्यंतच्या खेळावर आठवड्यामागून आठवडे वरच्या स्थानांवर राहिला. किमान पन्नास फेऱ्यांची सरासरी घ्या. शेवटच्या आठ-दहा फेऱ्या शेजारच्या रकान्यात लिहा, त्या दुखापत किंवा नवीन पटर यांचा सुगावा लावायला.

एक खड्डा ध्यानात ठेवा. लिव्ह गोल्फ या वेगळ्या मालिकेत खेळणाऱ्यांची नावं पीजीए टूरच्या तक्त्यात नसतात. तक्त्यात नाही म्हणून ब्रूक्स केप्काला वगळणाऱ्यांनी 2023 ची पीजीए चॅम्पियनशिप हुकवली, आणि ब्रायसन डिशॅम्बोला वगळणाऱ्यांनी 2024 चं यूएस ओपन.

प्रश्न: ऑगस्टाला पहिल्यांदाच खेळणारा खेळाडू घ्यावा का? (एक वाचक, अमळनेर)

विजेता म्हणून नको. 1979 च्या फझी झेलरनंतर 2025 पर्यंत एकही नवखा तिथे जिंकलेला नाही. पण पहिल्या दहात येईल का, हा प्रश्न वेगळा. सुंगजे इम 2020 ला, विल झालाटोरिस 2021 ला आणि लुडविग ओबेरी 2024 ला पहिल्याच खेपेत दुसरे आले. नवखा अडतो तो बाराव्यासारख्या होलवर. 155 यार्डांचा छोटासा पार 3, ग्रीन आडवं पसरलेलं पण खोलीला अगदी चिंचोळं, समोर रेज क्रीक आणि झाडांमध्ये फिरणारा वारा. झेंडा उजवीकडे असताना त्याच्यावर नेम धरायचा नसतो, मधल्या बंकरवरून (वाळूच्या खड्ड्यावरून) मारायचं असतं. अर्थात माहीत असूनही मोह होतो. 2016 ला शेवटच्या दिवशी पहिल्या नऊ होलांनंतर पाच फटक्यांची आघाडी असलेल्या जॉर्डन स्पीथने इथे दोन चेंडू पाण्यात घातले आणि सात मोजले.

प्रश्न: परदेशी वर्तमानपत्रांत खेळाडूसमोर 16/1 असं छापतात. त्याचा आम्हाला काही उपयोग? (एक वाचक, चाळीसगाव)

उपयोग आहे, बाजाराचं मत म्हणून. 16/1 म्हणजे सतरातली एक संधी, 5.88 टक्के. पण सगळ्या खेळाडूंचे टक्के मिळवले तर बेरीज शंभराच्या बरीच वर जाते. तो जादा भाग भाव लावणाऱ्याचा नफा. बेरीज 130 आली तर 5.88 ला 1.30 ने भागा, 4.5 टक्के उरतात. हा त्या खेळाडूबद्दलचा बाजाराचा खरा अंदाज. आता तुमच्या वहीप्रमाणे मैदान त्याला अनुकूल असेल, वारा बरा असेल, तर तुम्ही त्याला सहा टक्के द्याल. जिथे तुमचा आकडा बाजारापेक्षा मोठा, तिथेच तुमचा अभ्यास काही वेगळं सांगतोय. सर्वोत्तम खेळाडूलाही पंचवीस टक्के देणं ही मोठी गोष्ट आहे, म्हणजे चारपैकी तीनदा तो हरणारच.

प्रश्न: पुतण्याने एका ॲपची लिंक आणली आहे. त्यावर मास्टर्ससाठी पैसे लावता येतात म्हणतो. चालेल का? (एक वाचक, शहादा)

नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले आहेत, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यांची जाहिरात आणि बँकेतून होणारे व्यवहार यांवरही बंदी आहे, आणि परदेशातून चालणारं ॲप त्यातून सुटत नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा तर आधीपासून आहेच. अशा ॲपवर पैसे बहुधा कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात पाठवायला सांगतात. ते खातं तपासात सापडलं तर तुमचंही गोठू शकतं, आणि जिंकलेली रक्कम मागायला दाद कुठे मागणार? पुतण्याला भुसावळकरांसारखा गुणांचा तक्ता करायला सांगा. वर्गणी काढून बक्षीस देणंही टाळा.

प्रश्न: तक्त्यात कट आणि बरोबरीचे गुण कसे धरावेत? (एक वाचक, नंदुरबार)

दोन दिवसांनंतरचा कट, म्हणजे पुढे किती जण खेळणार याची मर्यादा, सगळ्या स्पर्धांत सारखा नाही. मास्टर्सला पहिले 50 आणि बरोबरीचे, यूएस ओपनला 60, पीजीए आणि द ओपनला 70. मास्टर्सला खेळाडूच नव्वदीच्या घरात असतात, म्हणून कट पार करणं तिथे सोपं. त्याचे गुण कमी ठेवा. सहापैकी उत्तम चार खेळाडू मोजा, म्हणजे एखाद्याने दुखापतीने माघार घेतली तरी खेळ संपत नाही. पहिल्या दहाला गुण देत असाल आणि नवव्या जागेवर तिघं बरोबरीत आले, तर जागा दोनच उरतात. प्रत्येकाला दोन तृतीयांश गुण द्या. सहा नावांपैकी किमान दोन क्रमवारीत तिसाव्याच्या पुढची असावीत, असा नियम घाला. नाहीतर सगळ्यांच्या याद्या सारख्या होतात. तक्त्यात शेवटी बरोबरी झाली तर विजेत्याच्या एकूण फटक्यांचा ज्याचा अंदाज जवळचा तो पुढे. तो आकडा बुधवारी रात्री वाऱ्याचे चार रकाने भरून झाल्यावरच लिहून घ्या.