जर्मनीत पोलिसाला बोट दाखवलं तर?

तुम्ही नोकरीसाठी पुण्याहून स्टुटगार्टला येताय. अमेरिकेत लोक पोलिसाला मधलं बोट दाखवतात आणि काही होत नाही, मग जर्मनीतही तसंच का, असं विचारलंय. नाही. इथे तो गुन्हा आहे.

अमेरिकेचं खरं आहे. मिशिगनमधल्या टेलर गावात पोलिसाने एका बाईला वेगाबद्दल अडवून सौम्य चलन दिलं. तिने जाताजाता बोट दाखवलं, तर त्याने पुन्हा अडवून चलन वाढवलं. 2019 मध्ये अपील कोर्टाचा कौल पोलिसाविरुद्ध गेला.

जर्मन राज्यघटनेचं कलम 5 मतस्वातंत्र्य देतं आणि त्यातच व्यक्तीच्या अब्रूची मर्यादाही घालतं. फौजदारी कायद्यातलं कलम 185 अपमानाचं. ते पोलिसाइतकंच शेजारच्या गाडीवाल्यालाही लागू. आपण ट्रॅफिकमध्ये कानशिलाजवळ बोट फिरवून 'डोकं ठिकाणावर आहे का?' असं विचारतो ना? इथे कपाळावर बोट टेकवलं किंवा चेहऱ्यासमोर पंजा वायपरसारखा हलवला, तरी तक्रार होते. ही सवय हातात मुरलेली असते, रागात हात आपोआप उठतो, म्हणून मुद्दाम सांगतेय.

दंड सहसा कमाईच्या दिवसांवर मोजतात. हातात महिना 3000 युरो पडत असतील तर एक दिवस साधारण 100 युरोचा. 20 दिवस लावले की 2000 गेले. पुढे नागरिकत्व घ्यायचं असेल तर 90 दिवसांपर्यंतचा दंड सहसा आड येत नाही, त्यावर गेला तर येतो.

पण म्हणून पोलिसांपुढे गप्प बसायचं, असं अजिबात समजू नका. याच स्टुटगार्टमध्ये 30 सप्टेंबर 2010 ला रेल्वे स्टेशनच्या प्रकल्पाविरोधात उभ्या असलेल्या लोकांवर पोलिसांनी पाण्याच्या तोफा मारल्या. एका निवृत्त इंजिनिअरची दृष्टी जवळजवळ गेली. लोकांनी पिच्छा सोडला नाही, आणि 2015 मध्ये इथल्याच प्रशासकीय कोर्टाने ती कारवाई बेकायदा ठरवली. मला या देशाचं हेच आवडतं. पोलीस चुकले असं तोंडावर सांगा, फलक धरा, लेखी तक्रार करा. फक्त समोरच्या माणसाला शिवी किंवा बोट नको.

आणि कधी कोर्टाचं पिवळं पाकीट आलंच, आत 'स्ट्राफबेफेल' (म्हणजे कोर्टाचा शिक्षेचा लेखी हुकूम) असं लिहिलं असेल, तर जर्मन कळत नाही म्हणून टेबलावर ठेवून देऊ नका. हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात. त्याच दिवशी वकील गाठा.